बोधिधर्माने कुंगफू शिकवलं का?

मागच्या व्याख्यानात आपण बोधिधर्म आणि त्याच्या नावाने चालणारा ध्यानपंथ यांच्याविषयी बोललो. त्यानंतर बऱ्याच श्रोत्यांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न पाठवला. "सर, कुंगफू आपल्याकडूनच चीनला गेलं ना? बोधिधर्मानेच शाओलिन मठात ते शिकवलं ना?" आज या प्रश्नाचा विचार करू.

आधी एक कबुली देतो. कॉलेजात शिकवत असताना मी ही गोष्ट वर्षानुवर्षं वर्गात सांगितली आहे. दक्षिण भारतातला एक राजपुत्र चीनला जातो, नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसतो. मठातले भिक्षू अशक्त, ध्यानाला बसले की डुलक्या घेतात. म्हणून तो त्यांना व्यायाम शिकवतो आणि त्यातून कुंगफू जन्माला येतं. मुलं खूश व्हायची, आणि खरं सांगायचं तर मीही व्हायचो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, हे कुठल्या ग्रंथात आहे?" मी म्हणालो, "परंपरेने असं सांगतात." आणि पुढचा मुद्दा घेतला.

आता गंमत बघा. त्याच वर्गाला मी न्यायदर्शन शिकवत होतो. 'ऐतिह्य' नावाची एक गोष्ट तिथे येते. 'असं म्हणतात' एवढ्याच आधारावर चालत आलेलं, मूळ सांगणारा कोण हे ठाऊक नसलेलं वचन म्हणजे ऐतिह्य. पौराणिक ते प्रमाण मानतात. नैयायिक त्याला वेगळं प्रमाण म्हणून स्थान देत नाहीत, बोलणारा विश्वासार्ह असेल तरच ते शब्दप्रमाणात घेतात. हे फळ्यावर लिहून देणारा मी त्या मुलाला उत्तर म्हणून ऐतिह्यच दिलं! तेव्हा आज त्या मुलाचा प्रश्न नीट घेऊ.

बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख इसवी सन 547 च्या सुमाराचा आहे. यांग शुआनझी नावाचा लेखक लोयांग शहरातल्या बौद्ध मठांचं वर्णन करतो. त्यात एक वयोवृद्ध भिक्षू भव्य स्तूप पाहून थक्क झालेला दिसतो. हा लेखक त्याला चक्क इराणकडचा म्हणतो. दुसरा जुना उल्लेख शिष्यपरंपरेतला. त्यात तो दक्षिण भारतातल्या राजाचा तिसरा मुलगा आहे. या दोन्ही ठिकाणी मारामारीचा किंवा व्यायामाचा एक शब्द नाही.

शाओलिन मठ हनान प्रांतात, सोंग पर्वतावर आहे. तो 495 साली उत्तर वेई राजवटीच्या सम्राटाने बातुओ नावाच्या भिक्षूसाठी बांधून दिला. हा बातुओ भारतातून आलेला होता. म्हणजे मठाच्या पायाशी भारतीय माणूस आहेच, पण तो बोधिधर्म नव्हे.

बरं, चिनी लोकांना व्यायाम शिकवायला बाहेरून कोणी येण्याची गरज होती का? 1973 मध्ये चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे एक थडगं उघडलं गेलं. ते इसवी सनापूर्वी 168 साली बंद झालेलं. त्यात रेशमावर रंगवलेला एक तक्ता निघाला. त्यावर श्वासाचे आणि अंग ताणण्याचे व्यायाम करणारी 44 माणसं आहेत, पुरुष आणि बायका दोन्ही. हा तक्ता बोधिधर्माच्या सुमारे सातशे वर्षं आधीचा! हान राजवटीच्या इतिहासात जी ग्रंथयादी आहे, तिच्यात हातांनी लढण्याच्या विद्येवर सहा प्रकरणांचा एक ग्रंथ नोंदलेला आहे. तो ग्रंथ हरवला, पण नोंद राहिली.

मग शाओलिनचं नाव लढाईशी जोडलं कसं गेलं? इथे भक्कम पुरावा आहे, आणि तो दगडावर कोरलेला आहे. सुई राजवट कोसळली तेव्हा लोयांगमध्ये वांग शिचोंग नावाच्या सरदाराने स्वतःला सम्राट घोषित केलं होतं. त्याच्याविरुद्ध ली शिमिन लढत होता. हाच पुढे तांग राजवटीचा थोर सम्राट झाला. 621 साली शाओलिनच्या भिक्षूंनी वांगच्या सैन्यावर हल्ला केला आणि त्याच्या पुतण्याला पकडून ली शिमिनच्या हवाली केलं. 728 साली मठात उभारलेल्या शिलालेखात ली शिमिनचं आभाराचं पत्र आहे. मठाला मिळालेली जमीन आणि पाणचक्की यांचाही उल्लेख आहे. तेरा भिक्षूंची नावं आहेत.

हे भिक्षू का लढले? मठाची जमीन होती, धान्य होतं, आणि काळ लुटालुटीचा होता. ज्याच्याकडे कोठार असतं त्याला राखणही करावी लागते. शिलालेखात ते कोणत्या पद्धतीने लढले, याबद्दल काहीच नाही. मुष्टियुद्धाचं नाव नाही, बोधिधर्माने शिकवलेल्या कुठल्याही युद्धविद्येचंही नाही.

पुढे मिंग काळात, सोळाव्या शतकात, शाओलिनची कीर्ती झाली ती लाठीसाठी. 1553 मध्ये लढवय्या भिक्षूंच्या तुकड्या किनाऱ्यावरच्या समुद्री चाच्यांशी लढल्या. 1561 मध्ये यू दायू नावाचा सेनापती मठात आला. भिक्षूंची लाठी पाहून तो म्हणाला की जुनं मर्म आता राहिलेलं नाही. मग दोन तरुण भिक्षूंना बरोबर घेऊन गेला आणि त्यांना शिकवून परत पाठवलं. म्हणजे बघा, शाओलिनची विद्या शाओलिनला बाहेरून शिकावी लागली. ती मठ, छावणी आणि गावं यांच्यात फिरत होती.

त्याच काळातला दुसरा सेनापती ची जिग्वांग. त्याने सैन्याच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं आणि त्यात रिकाम्या हातांचे 32 पवित्रे दिले. त्याचं मत स्पष्ट होतं. मोठ्या लढाईत रिकाम्या हाताचा उपयोग नाही, पण नवशिक्याचे हातपाय मोकळे व्हायला ही चांगली सुरुवात आहे.

म्हणजे आपण ज्याला कुंगफू म्हणतो, ते रिकाम्या हाताचं लढणं, शाओलिनमध्ये तुलनेने उशिरा, मुख्यतः सतराव्या शतकात फुललं. लढण्याचे पवित्रे, मावांगदुईपासून चालत आलेले श्वासाचे व्यायाम आणि ताओवादी, बौद्ध ध्यानाची भाषा हे तीन प्रवाह तिथे एकत्र आले. मारामारीची विद्या आता आरोग्याची आणि साधनेचीही झाली.

आणि नेमकी याच वेळी बोधिधर्माची गोष्ट येते. 'यीजिन जिंग' नावाचं स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामांचं पुस्तक. त्याची सर्वांत जुनी नोंद 1624 ची आहे, पण प्रस्तावना एक हजार वर्षं जुनी असल्याचा दावा करते. हे ज्ञान बोधिधर्माकडून आलं असं ती सांगते. ते कोणाकोणाच्या हातून आलं याची साखळीही देते, आणि त्या साखळीत कुरळ्या दाढीचा एक वीर आहे. हा वीर म्हणजे तांग काळातल्या एका प्रसिद्ध कथेतलं पात्र! ही बनवाबनवी लिंग तिंगकान या चिनी पंडितानेच अठराव्या शतकाच्या आसपास उघड केली. 1930 मध्ये तांग हाओ या अभ्यासकाने शाओलिन आणि वूडांग या दोन्ही परंपरांच्या उगमकथा पुराव्यावर तपासल्या आणि बोधिधर्माला कुंगफूच्या इतिहासातून बाजूला केलं. त्यामुळे 'चिनी लोक भारताचं श्रेय लपवतात' या म्हणण्यात काही अर्थ नाही. बोधिधर्माचं नाव जोडलं चिनी लोकांनीच आणि तपासून काढलंही त्यांनीच.

वूडांगची गोष्टही अशीच. 1669 मध्ये हुआंग झोंगशी या विद्वानाने एका वस्तादाचा स्मृतिलेख लिहिला. त्यात त्याने दोन घराणी सांगितली. शाओलिनचं 'बाहेरचं' आणि ताओवादी सिद्ध झांग सानफेंगचं 'आतलं'. आता काळ लक्षात घ्या. 1644 मध्ये मांचूंनी बीजिंग घेतलं होतं, आणि हुआंग स्वतः त्यांच्याविरुद्ध लढलेला माणूस. काही अभ्यासकांना वाटतं, 'बाहेरचं' म्हणजे परक्यांचं आणि 'आतलं' म्हणजे आपलं, असा छुपा अर्थ त्यात आहे. उगमाची गोष्ट बहुतेक वेळा उगमाविषयी नसते, ती सांगणाऱ्याच्या गरजेविषयी असते.

कोणी म्हणेल, "असू द्या हो, गोष्टीने कोणाचं नुकसान होतं?" 1900 साली उत्तर चीनमधल्या बॉक्सर उठावातल्या तरुणांची श्रद्धा होती की मंत्र आणि कवायती केल्या, अंगात देव आले, की गोळी लागत नाही. गोळ्या लागल्या. त्यांचा संताप खरा होता, परकीयांचा जाच खरा होता, पण विद्येविषयीची समजूत खोटी होती. तिची किंमत त्यांनी जिवाने दिली. त्यानंतर विचार बदलत गेला. 1910 मध्ये शांघायमध्ये जिंगवू संस्था निघाली. तिथे गुप्त घराणेशाही सोडून, उघड वर्गांत, मुलींनाही शिकवू लागले. 1956 मध्ये ताईचीचा 24 हालचालींचा सोपा संच तयार झाला. आज जगभरच्या बागांत सकाळी आजी-आजोबा जो करतात, तो बहुधा हाच.

मग भारताचं काहीच नाही का? आहे, आणि ते मला त्या गोष्टीपेक्षा मोलाचं वाटतं. शाओलिनचे भिक्षू बळासाठी प्रार्थना करायचे ती वज्रपाणीची. तांग काळातली एक कथा आहे. सेंगचोऊ नावाचा दुबळा भिक्षू, सोबती त्याला मारायचे. त्याने वज्रपाणीची आराधना केली आणि त्याला अचाट बळ मिळालं. मठात 1517 चा एक शिलालेख आहे, त्यात याच देवाला नारायण म्हटलंय. पुढे लाठीचा मूळपुरुष म्हणून किन्नरराजाचं नाव घेतलं जाऊ लागलं. वज्रपाणी, नारायण, किन्नर! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या जोडीला वज्रपाणी म्हणून जे चित्र दाखवतात, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. भारतातून ठोसे आणि लाथा गेल्या नाहीत. अहिंसेचं व्रत घेतलेल्या माणसाला, राखण करायची वेळ आली तर, आधार वाटावा अशी एक देवता गेली.

जाता जाता शब्दाविषयी. 'कुंगफू' चा मूळ अर्थ लढाई नव्हेच. वेळ आणि कष्ट घालून मिळवलेलं कसब म्हणजे कुंगफू. स्वयंपाक्याचं असतं, सुंदर अक्षर काढणाऱ्याचं असतं. बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ झू शी हा शब्द मनाच्या मशागतीसाठी वापरतो. आपला 'अभ्यास' हा शब्द याच्या अगदी जवळचा. अभ्यास कोणी एक माणूस जहाजातून घेऊन जात नाही. तो पिढ्यानुपिढ्या, रोज, करावा लागतो. चिनी माणसांनी तो केला, त्याचं श्रेय त्यांचंच.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. ऐकत असेल तर त्याला सांगतो: बाबा रे, ते ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथच बनावट आहे. उत्तर द्यायला उशीर झाला. तुझा प्रश्न बरोबर होता.