गार्सिया सिद घराण्याचा गीर गोठा

गीर गाय ही मूळची सौराष्ट्राची, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. घुमटासारखे पुढे आलेले कपाळ, मागे वळलेली शिंगे आणि सुरळी केलेल्या पानाप्रमाणे लोंबणारे कान ही तिची लक्षणे सर्वांस ठाऊक आहेत. आपल्या लातूरकडील देवणी जातीतही गीर व डांगी यांचे रक्त आहे. असे असता या गाईच्या वंशाची व दुधाची नोंद पिढ्यानुपिढ्या कशी ठेवावी, हे पाहावयाचे झाल्यास सातासमुद्रांपलीकडे ब्राझील देशाकडे पाहावे लागते. तेथील एका घराण्याच्या गोठ्याची हकीकत आम्ही आज देत आहो.

ब्राझीलमध्ये वशिंडाची गुरे मूळची नव्हेत. पोर्तुगीजांनी नेलेली युरोपीय गुरे तेथील उष्म्याने व गोचिडांनी बेजार होत. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिनास जेराइस प्रांतातील पशुपालक आपल्या देशातून गुरे नेऊ लागले. आपली कांकरेज तेथे ‘गुझेरा’ झाली, आंध्रातील ओंगोल ‘नेलोरे’ झाली. गीर मात्र गीरच राहिली. 1920 साली अशीच गुरे बेल्जमच्या अँटवर्प बंदरावरून ब्राझीलकडे जात असता त्यांच्यामार्फत बुळकांडीचा रोग युरोपात शिरला, व पुढील साली तो ब्राझीलमध्येही उद्भवला. त्यापायी तेथे आयातीवर निर्बंध आले. जनावरांच्या रोगांवर देखरेख ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था 1924 साली पॅरिस येथे स्थापन झाली, तिचे निमित्तही हेच होय.

आयात अडल्यावर देशात होती त्या जनावरांचे भाव चढले, आणि येथे मोठी गंमत झाली. गीर, कांकरेज व ओंगोल यांच्या मिश्रणातून ‘इंदुब्राझील’ नावाची जात निघाली. तिचे कान फार लांब असत, आणि कानांची लांबी पाहून वळूची किंमत ठरू लागली. दुधाची वा मांसाची विचारपूस कोणी करीना. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हा बाजार कोसळला व पुष्कळ सावकारी बुडाली. तथापि याच काळात एक टिकाऊ काम झाले. 1938 साली उबेराबा येथे सरकारच्या मान्यतेने वंशनोंदीचे अधिकृत दप्तर सुरू झाले. ज्यांच्या आईबापांचा पत्ता नव्हता, ती जनावरे प्रथम डोळ्यांनी पारखून नोंदली गेली. त्यांच्या संततीस मात्र आईबापांची नावे लागू लागली. आमचे आयुष्य फेरफाराच्या नोंदी लिहिण्यात गेले. प्रारंभीची नोंद अपुरी असली तरी चालते, पण तिच्यापुढची एकही चुकता कामा नये, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता मूळ विषयाकडे येऊ. पाराना प्रांतात लोंद्रिना नावाचे गाव जंगल तोडून वसले. तेथे 1934 साली सेल्सो गार्सिया सिद या गृहस्थांनी उतारूंच्या मोटारींची सर्व्हिस काढली. त्या तांबड्या मातीच्या चिखलात मोटारी चालवून त्यांनी पैसा केला, आणि तो जमिनीत व गुरांत घातला. तिकडील इतर बागाईतदार कॉफीच्या मागे असता यांनी गीरचा ध्यास घेतला, ही गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. कारण 1975 सालच्या हिवाने त्या प्रांतातील कॉफी जळून गेली, गोठ्याला हिवाची तशी बाधा नव्हती.

देशातील गीर संकराने बिघडली, असे पाहून त्यांनी शुद्ध रक्त मिळविण्यासाठी थेट हिंदुस्थानची वाट धरली. भावनगरचे महाराज कृष्णकुमारसिंहजी यांच्याकडे गीरचा नामांकित कळप होता. त्या कळपातील ‘कृष्ण’ नावाचा वळू 1960 च्या सुमारास ब्राझीलमध्ये गेला. पुन्हा 1962 साली गार्सिया सिद व इतर काही पशुपालक यांनी येथून गीर, ओंगोल वगैरे गुरे नेली. बुळकांडीची आठवण ताजी असल्याने त्यांस किनाऱ्यावर उतरू न देता फेर्नांदो दि नोरोन्या या दूरच्या बेटावर अडकवून ठेवण्यात आले. त्या खेपेनंतर अशी आयात थांबली. म्हणजे पुढचे सर्व काम जवळ असलेल्या रक्तावरच करणे भाग होते. कृष्णाचा वंश तेथील गीरमध्ये फार पसरला, आणि घराण्याचा हा धंदा नातवंडांच्या पिढीपर्यंत चालत आला.

परंतु एका वळूने देशाचे दूध वाढले, असे जे कोणी सांगतात ते अर्धेच सांगतात. काही खाजगी गोठ्यांनी 1960 नंतर प्रत्येक गाईचे दूध मोजून लिहिण्यास आरंभ केला. 1985 पासून सरकारी संशोधन संस्था एम्ब्रापा व पैदासकारांचा संघ यांनी वळूंची परीक्षा त्यांच्या मुलींवरून करण्याचे ठरविले. तरुण वळूचे रेत निरनिराळ्या गोठ्यांत वाटावयाचे, त्याच्या कालवडी विऊन पहिले वेत पुरे होईपर्यंत थांबावयाचे, आणि मग दुधाचे आकडे ताडून पाहावयाचे. पहिला निकाल 1993 साली लागला. आठ वर्षे! इतकी वाट पाहणारा मनुष्य आपल्याकडे दहा गावांत एक सापडेल की नाही, शंका आहे. होल्स्टीनशी गीरचा संकर करून ‘जिरोलांदो’ ही जात बनली. तिला 1996 साली मान्यता मिळाली, व त्या देशाच्या दुधाचा मोठा भाग आज तिच्याकडून येतो. आता तिकडील गीरचे रेत आपल्याकडे आणण्याच्या योजना निघाल्या आहेत. सौराष्ट्रातील काही पैदासकार त्याच्या शुद्धतेविषयी शंका घेतात, आणि ती शंका अगदीच टाकाऊ नाही. मात्र तिचे निरसन करावयाचे तर इकडेही कागद हवा.

सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही बाजारातून एक ‘अस्सल गीर’ गाय घेतली. कान पाहूनच भुललो, हे कबूल केले पाहिजे. तिच्या आईने किती दूध दिले, असे विचारता विकणारा नुसता हसला. गाय दोन्ही वेळचे मिळून साडेतीन लिटरांवर कधी गेली नाही. तेव्हापासून एक वही घातली आहे. दर दहाव्या दिवशी दोन्ही वेळचे दूध मोजून लिहितो. कृत्रिम रेतनाच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, तो तेथेच उतरून घेतो. डॉक्टर गेल्यावर कांडी उकिरड्यात जाते आणि बापाचे नाव तिच्याबरोबर जाते. गाईच्या कानातील पिवळ्या बिल्ल्याचे बारा आकडे पहिल्या पानावर आहेत. तिची कालवड यंदा गाभण आहे. तिच्या पानावर बापाचा क्रमांक आहे, आईच्या दुधाचे आकडे आहेत. आजीच्या नावापुढील रकाना मात्र कोराच आहे.