आशीर्वाद व प्रतिफळ, ख्रिस्ती धर्मातील

ईश्वराशी राखलेली निष्ठा, ईश्वराकडून लाभणारा आशीर्वाद आणि मनुष्याच्या कृतींना येणारी फळे यांच्या परस्परसंबंधाविषयीचा ख्रिस्ती धर्मातील विचार. बायबलच्या प्रारंभापासून या तीन कल्पना एकमेकींत गुंतलेल्या आहेत. कृती निष्फळ राहत नाही, ही धारणा ख्रिस्ती धर्मात आरंभापासून आहे. परंतु एखाद्याच्या सुखावरून त्याचे पुण्य किंवा दुःखावरून त्याचे पाप ताडता येते, हा निष्कर्ष मात्र त्या धर्माच्या प्रमुख परंपरांनी नाकारला आहे. या दोन भूमिकांचा मेळ कसा घालावयाचा, हा ख्रिस्ती ईश्वरविद्येतील एक मूलभूत प्रश्न होय. दुष्काळ, रोगराई, युद्ध यांसारख्या आपत्तींच्या काळी तो केवळ तात्त्विक राहत नाही. कारण आपद्‌ग्रस्ताकडे अपराधी म्हणून पाहावयाचे की बंधू म्हणून, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

संज्ञा : या विचाराचा पाया ‘करार’ या संकल्पनेत आहे. मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’ असा असून त्याचा अर्थ बांधून घेणारा संबंध असा आहे. बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘डायथेके’ हा शब्द योजण्यात आला. त्याचा एक अर्थ मृत्युपत्र असाही होतो. लॅटिनमधील ‘टेस्टामेंटुम’ या शब्दातही हीच छटा आहे. मृत्युपत्राने मिळणारा वारसा ही घेणाऱ्याची कमाई नसते, तर देणाऱ्याची देणगी असते. मराठीतील ‘करार’ हा शब्द अरबी-फार्सीतून आलेला असून त्यात उभयपक्षी बांधिलकीचा अर्थ ठळक आहे. देणगी आणि बांधिलकी या दोन्ही छटा मूळ संकल्पनेत आहेत. कराराशी एकनिष्ठ राहणाऱ्या प्रेमाला हिब्रू भाषेत ‘हेसेद’ म्हणतात. हा शब्द मुख्यतः ईश्वराच्या अढळ प्रेमासाठी येतो. ग्रीक ‘पिस्तिस’ या शब्दाचे विश्वास आणि विश्वासूपणा असे दोन्ही अर्थ होतात. त्यामुळे नव्या करारातील काही वचनांत श्रद्धा अभिप्रेत आहे की निष्ठा, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

जुना करार : उत्पत्ती या ग्रंथातील कथेनुसार ईश्वराने अब्राहामास बोलावून आशीर्वाद दिला व त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील, असे अभिवचन दिले. आशीर्वाद एकाला मिळतो तो इतरांपर्यंत पोचावा म्हणून, हा विचार येथेच प्रकट होतो. याच ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात करार करण्याचा प्राचीन विधी वर्णिला आहे. त्या विधीत जनावरे दुभागून समोरासमोर ठेवीत व करार करणारे त्यांच्यामधून चालत जात. करार मोडणाऱ्याची अशीच गत व्हावी, असा त्याचा अर्थ असे. अब्राहामाच्या प्रसंगी मात्र तो स्वतः गाढ निद्रेत असून ईश्वराचे प्रतीक असलेला अग्नीच त्या भागांमधून जातो. शपथेचा भार ईश्वराने स्वतःवर घेतला, असा याचा अर्थ लावला जातो.

सीनाय पर्वतावरील करारात लोकांनीही आज्ञापालनाचे वचन दिले. तथापि दशाज्ञांचा आरंभ आज्ञेने होत नाही. ईश्वराने इझ्राएल लोकांना मिसरच्या दास्यातून मुक्त केल्याचे स्मरण तेथे प्रथम येते. मुक्ती आधी व आज्ञा नंतर, हा क्रम ख्रिस्ती विवेचनात महत्त्वाचा मानला जातो. निष्ठा हे मुक्तीचे मोल नसून तिला दिलेला प्रतिसाद आहे, असे त्यावरून प्रतिपादन करण्यात येते.

आशीर्वाद व शाप यांची सर्वांत विस्तृत मांडणी अनुवाद या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आढळते. त्यातील ६८ वचनांपैकी पहिल्या १४ वचनांत आज्ञापालनाने मिळणारे आशीर्वाद असून उरलेल्या ५४ वचनांत अवज्ञेमुळे ओढवणारे शाप आहेत. वेळेवर पाऊस, शेताचे पीक, गुरांची वाढ, संतती व शत्रूंवर विजय हे आशीर्वादाचे स्वरूप. तर अवर्षण, रोग, पराभव व परागंदा होणे हे शापाचे. प्रतिज्ञाविधीसाठी शखेमजवळचे गरिज्जीम व एबाल हे दोन पर्वत नेमून दिले होते. गरिज्जीम आशीर्वादाचा व एबाल शापाचा, अशी योजना होती. या रचनेचे पश्चिम आशियातील प्राचीन राजकीय तहांशी साम्य आहे. हिटाइट सम्राटांच्या मांडलिकांशी झालेल्या तहांत सम्राटाच्या पूर्वोपकारांचे कथन, मांडलिकाची कर्तव्ये व शेवटी आशीर्वाद आणि शाप असा क्रम असे. जॉर्ज मेंडेनहॉल याने १९५४ मध्ये या साम्याकडे लक्ष वेधले. ॲसिरियाचा राजा एसारहॅडन याने इ. स. पू. ६७२ मध्ये आपल्या वारसाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ मांडलिकांकडून घेतली होती. तिच्या मृत्तिकाफलकांचे अवशेष १९५५ मध्ये निमरूद येथे सापडले. त्यांतील शापांचे अनुवाद या ग्रंथातील शापांशी विलक्षण साम्य दिसून येते.

यहोशवा ते राजे या इतिहासग्रंथांत इझ्राएलच्या उत्कर्षापकर्षाचे मूल्यमापन याच सूत्राने केले आहे. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आरंभी बॅबिलोनियनांनी जेरूसलेम उद्ध्वस्त केले, ते करारभंगाचे फळ मानण्यात आले. परंतु पूर्वजांच्या पापांची शिक्षा आम्हांस का, असा प्रश्न निर्वासितांच्या पिढीपुढे उभा राहिला. वडिलांनी आंबट द्राक्षे खावीत व मुलांचे दात आंबावेत, या आशयाची म्हण त्या काळी रूढ होती. यिर्मया व यहेज्केल या संदेष्ट्यांनी ती नाकारून प्रत्येक जण स्वतःच्या आचरणास जबाबदार असल्याचे सांगितले. दुर्जनाने मार्ग बदलला, तर त्याचा भूतकाळ त्याला बांधून ठेवीत नाही, असेही यहेज्केलने स्पष्ट केले. होशेय या संदेष्ट्याने लोकांच्या बेइमानीला व्यभिचारी पत्नीची उपमा दिली; मात्र तिला पुन्हा घरी आणणाऱ्या पतीच्या रूपात ईश्वराची निष्ठाही दाखविली.

या सूत्राला सर्वांत तीव्र आव्हान ईयोब या ग्रंथाने दिले. ईयोब हा निर्दोष पुरुष संपत्ती, संतती व आरोग्य गमावतो. त्याचे मित्र प्रथम सात दिवस त्याच्याजवळ मूक बसतात. पण बोलू लागताच त्याच्या दुःखावरून त्याचा अपराध सिद्ध करू पाहतात. ग्रंथाच्या शेवटी ईश्वर ईयोबाला दुःखाचे कारण सांगत नाही. परंतु मित्रांचे बोलणे मात्र अयोग्य ठरवितो. धर्मरक्षणाच्या नावाखाली दुःखितावर केलेला दोषारोप हाच येथे दोष ठरतो.

नवा करार : येशूच्या शिकवणुकीत कृतीच्या फळाचा विचार कायम आहे. झाडाची परीक्षा फळावरून करावी, असे तो सांगतो. अंतिम न्यायाच्या वर्णनात भुकेलेल्यास अन्न, परक्यास आश्रय व बंदिवानास भेट दिली की नाही, हीच कसोटी आहे. परंतु आशीर्वादाची कल्पना त्याने पालटून टाकली. गिरिप्रवचनात तो दीन, शोकग्रस्त व छळ सोसणारे यांना धन्य म्हणतो. सूर्य व पाऊस सज्जन-दुर्जनांना सारखेच मिळतात, असेही तो सांगतो. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे ठार झाली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे त्याने बजावले. मात्र ऐकणाऱ्यांना स्वतः पश्चात्ताप करण्यास सांगितले. आपत्तीवरून दुसऱ्याचा न्याय करू नये, स्वतःचे परीक्षण करावे, असा याचा इत्यर्थ होय. जन्मांध मनुष्याविषयी पाप याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले असता येशूने दोन्ही पर्याय नाकारले व त्याला दृष्टी दिली. जक्कय या जकातदाराच्या कथेत येशू आधी त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो व त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व लुबाडलेले चौपटीने परत करण्याचे ठरवितो. आधी कृपा व तिच्यातून कृती, हाच क्रम येथेही आहे.

पौलाच्या मते मनुष्य नियमशास्त्राच्या पालनाने नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने ईश्वरापुढे नीतिमान ठरतो. असे असूनही गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो पेरणी व कापणी यांचा दृष्टांत देऊन कृतीच्या फळाची जाणीव करून देतो. याकोबाच्या पत्रात कृतीवाचून असलेला विश्वास निर्जीव मानला आहे. या दोन भूमिकांना परस्परविरोधी न मानता, पौल तारणाच्या मुळाविषयी व याकोब त्याच्या फळाविषयी बोलतो, असा समन्वय बहुतेक भाष्यकार करतात.

क्षमा झाली म्हणजे कृतीचे परिणाम पुसले जातात, असे मात्र बायबल मानीत नाही. दावीद राजाला उरीयाच्या हत्येबद्दल क्षमा मिळते. पण त्याच्या घराण्यातील कलह टळत नाही. क्षमेने ईश्वराशी तुटलेला संबंध जुळतो. दुसऱ्याची केलेली हानी भरून काढण्याचे कर्तव्य उरतेच, असे ख्रिस्ती नीतिशास्त्र सांगते.

ऐतिहासिक विकास : इ. स. ४१० मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटले, तेव्हा जुन्या देवतांचा त्याग केल्याचे हे फळ आहे, असा आरोप ख्रिस्ती लोकांवर आला. त्याला उत्तर म्हणून सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने ४१३ मध्ये ईश्वराचे नगर  हा ग्रंथ लिहावयास घेतला. ऐहिक सुखदुःखे सज्जन व दुर्जन या दोघांच्याही वाट्यास येतात; फरक असतो तो सोसणाऱ्याच्या वृत्तीत, असे त्याने दाखविले. एकाच अग्नीत सोने उजळते व भुसा धुरकटतो, असा दृष्टांत त्याने दिला आहे. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप जीवन जगू शकतो, या पेलेजिअसच्या मताला त्याने विरोध केला. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलेजिअसचे मत त्याज्य ठरविले.

मध्ययुगात प्रायश्चित्त व पुण्यसंचय यांचा हिशोबी विचार बळावला. पापदंडातून सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीस विरोध करून मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने १५१७ मध्ये धर्मसुधारणेस चालना दिली. मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो व सत्कृत्ये हे त्या विश्वासाचे फळ होय, असे त्याचे मत होते. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये कृपेचे अग्रस्थान मान्य केले. पण कृपेशी मनुष्याने करावयाच्या सहकार्यावरही भर दिला. या वादावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ख येथे रोमन कॅथलिक चर्च व ल्यूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या आणि मूलभूत बाबींवर एकमत नोंदविले. मेथडिस्ट चर्चेसच्या जागतिक परिषदेने २००६ मध्ये व रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये त्यास संमती दिली.

आधुनिक विचार : कॅल्व्हिनपंथीयांतील तारणाच्या खुणा शोधण्याच्या वृत्तीने उद्योगशीलतेला व काटकसरीला बळ दिले, असा सिद्धांत माक्स वेबर याने १९०४-०५ मध्ये मांडला. इतिहासकारांत तो वादग्रस्त ठरला आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत वाढलेल्या व पुढे आफ्रिका, लॅटिन अमेरिका व आशिया या खंडांत पसरलेल्या समृद्धिवादी पंथाने श्रद्धा व देणग्या यांच्या बदल्यात आरोग्य आणि संपत्ती मिळते, अशी शिकवण दिली. त्यामुळे आजारी व निर्धन व्यक्तीवर अश्रद्धेचा ठपका येतो. लोझॅन चळवळीच्या २०१० च्या केपटाउन घोषणापत्राने ही शिकवण बायबलशी विसंगत ठरविली. उलटपक्षी, कृपेच्या नावाखाली कर्तव्य टाळण्याच्या वृत्तीवर डीट्रिख बोनहॉफर (१९०६–४५) या जर्मन ईश्वरशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये कठोर टीका केली व तिला ‘स्वस्त कृपा’ असे संबोधिले. नाझी राजवटीने त्याला ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिले. पेरूमधील गुस्ताव्हो गुत्येर्रेस (१९२८–२०२४) याने १९८६ मध्ये ईयोब या ग्रंथावर लिहिताना निर्दोष गरिबांच्या दुःखाला मध्यवर्ती स्थान दिले. गरिबांचे दारिद्र्य हे त्यांच्या पापाचे नव्हे, तर इतरांच्या अन्यायाचे फळ असू शकते, हा मुक्तिवादी ईश्वरविद्येचा विशेष होय.

महाराष्ट्र व गोवा : या विचाराचा मराठी वाङ्‌मयातील विस्तृत आविष्कार गोव्यातील फादर टॉमस स्टीफन्स याच्या १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिस्तपुराण  या सुमारे ११,००० ओव्यांच्या ग्रंथात आढळतो. मानवाचे पतन, त्राणकर्त्याचे अभिवचन व त्याची पूर्ती यांची कथा तीत पुराणाच्या घाटात सांगितली आहे. भारतीय कर्मसिद्धांत व ख्रिस्ती प्रतिफळविचार यांत कृतीच्या अटळ फळाची जाणीव समान आहे. पण ख्रिस्ती विचारात पूर्वजन्म नाही आणि फलदाता हा करार करणारा ईश्वर असल्यामुळे क्षमेला वाव राहतो. जन्मांधाविषयीचा शिष्यांचा प्रश्न मराठी वाचकाला म्हणूनच ओळखीचा वाटतो.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे जीवन या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने व्रते, पूजा व दानधर्म यांत जवळचे द्रव्य वेचले; तरीही त्यांचे आईवडील मृत्यू पावले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील सुमारे ३०० मुली व स्त्रिया यांना आणून त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रय दिला. विधवेचे दुःख हे तिच्याच पूर्वपापाचे फळ, या तत्कालीन समजुतीला त्यांच्या कार्याने कृतीतून उत्तर दिले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्णरूपाने प्रसिद्ध झाले.

सारांश, ख्रिस्ती परंपरेत प्रतिफळाचा नियम मनुष्याने स्वतःला लावावयाचा असतो. दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी तो दिलेला नाही. निष्ठेचा उगम मिळालेल्या कृपेत असतो आणि तिची खूण आपद्‌ग्रस्ताला दिलेल्या आधारात दिसते, अशी या परंपरेची धारणा आहे.