पांढरीच्या पोटातले गाव

आदिमानव म्हटला की गुहा डोळ्यांपुढे उभी राहते. पाठ्यपुस्तकांतील चित्रांनी ही समजूत दृढ केली आहे, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असेही नाही. फ्रान्स व स्पेन या देशांतील चुनखडीच्या डोंगरांत पाण्याने चुनखडी विरघळून मोठमोठ्या गुहा तयार झाल्या आणि त्यांत माणसाच्या वस्तीचे थरावर थर साचत गेले. आपल्या कोकण किनाऱ्यावरही असे एक स्थळ आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातील पालशेतजवळ सुसरोंडी येथील गुहेत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी उत्खनन केले. तेथे अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली आणि २००६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकातून त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

तथापि महाराष्ट्रात अशी उदाहरणे विरळाच. सह्याद्री व दख्खनचे पठार लाव्हारसाच्या थरांनी बनलेले आहे. काळा पाषाण पाण्याने विरघळत नाही, त्यामुळे नैसर्गिक गुहा थोड्या. कार्ले, भाजे येथील लेणी पाहून आलेले विद्यार्थी पुष्कळदा त्यांनाच आदिमानवाच्या गुहा समजतात. ती लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून पुढे छिन्नी-हातोड्याने कोरलेली आहेत, आणि ती कोरणाऱ्यांच्या मागे शेती, व्यापार व राज्यसंस्था उभी होती, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावयास हवे. महाराष्ट्रातील आद्य मानवाचा माग लागतो तो नदीकाठच्या गाळात व वाळू-गोट्यांच्या थरांत. जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीच्या काठी दगडी हत्यारांबरोबर ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला. ही राख हजारो किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची आहे. ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातील की त्याहून पुष्कळ जुन्या उद्रेकातील, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला. आणि माणूस शेती करू लागला, घर बांधून राहू लागला, त्यानंतरचा माग लागतो तो पांढरीत.

काळी आणि पांढरी हे शब्द महसूल खात्यातील मंडळींना नवे नाहीत. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुन्या कागदपत्रांत गावाचा उल्लेखच या जोडीने होतो. वस्तीची माती पांढुरकी का होते, याचा विचार मात्र सहसा केला जात नाही. चुलीतील राख, गुरांचे शेण, मातीच्या पडलेल्या भिंती, हाडे, चुना हे सर्व पिढ्यान् पिढ्या एकाच जागी साचत जाते. घर पडले की त्याच जागी जमीन सपाट करून नवे घर बांधावयाचे, ही आपली जुनी रीत. त्यामुळे जागा हळूहळू उंच होते आणि तिला टेकाडाचे रूप येते. गाव उठून गेले तरी टेकाड राहते.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेले इनामगाव येथील टेकाड असेच होते. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे, एकामागून एक हंगाम, तेथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामाचा सविस्तर अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. एखाद्या ठिकाणी चार खड्डे घेऊन भांड्यांचे नमुने गोळा करावयाचे व कालक्रम ठरवून पुढे जावयाचे, ही तोवरची सर्वसाधारण पद्धत. इनामगावात विस्तृत क्षेत्र आडवे उघडण्यात आले, म्हणून तेथे केवळ खापरे मिळाली नाहीत, गाव मिळाले. सव्वाशेहून अधिक घरे उजेडात आली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत तेथे अखंड वस्ती होती. हा काळ कोळशातील किरणोत्सर्गी कार्बनाच्या मापनाने ठरविण्यात आला.

उत्खननाचे तंत्र थोडक्यात सांगणे उचित होईल. जमिनीवर चौकोन आखून दोन चौकोनांमध्ये न खणलेली पट्टी राखतात. तिच्या उभ्या बाजूवर थर वाचता येतात. वरचा थर खालच्यापेक्षा अलीकडचा, हा मूळ नियम. परंतु कोणी नंतर खड्डा खणलेला असेल तर वरची वस्तू खाली जाते, म्हणून असा खड्डा आधी ओळखून वेगळा रिकामा करावा लागतो. राखेची माती पाण्यात कालवली की जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे वर तरंगतात. अशा दाण्यांवरूनच इनामगावचे रहिवासी मुख्यत्वे जव पिकवीत, हे समजले. ज्वारीच्या या मुलुखात जव हे प्रमुख पीक होते, हे वाचून आज नवल वाटेल.

या गावात भरभराटीच्या काळात चौकोनी, मोठी, कुडाच्या भिंतींची घरे होती. एका पाच दालनांच्या घराशेजारी धान्याचे कोठार होते, त्यावरून ते गावप्रमुखाचे घर असावे असे अनुमान काढण्यात आले. पुरापासून संरक्षणासाठी बांध घातलेला होता आणि नदीचे पाणी वळविण्यासाठी पाट काढलेला होता. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हे. गावाने मिळून काही करावयाचे, ते कोणीतरी ठरवावयाचे आणि धान्य साठवून वाटावयाचे, अशी काही व्यवस्था तेथे असलीच पाहिजे. ग्रामपंचायतीच्या सभासदांनी या पाटाची नोंद घ्यावी असे वाटते.

मृतांना घराच्या जमिनीखाली पुरीत. लहान मुलांचे देह दोन रांजणांची तोंडे एकमेकांस जुळवून त्यांत ठेवीत, आणि अशी दफने मोठ्या संख्येने सापडली आहेत. बालमृत्यूचे प्रमाण किती असावे, हे त्यावरून उमगते. प्रौढांची पावले घोट्यापाशी तोडलेली आढळतात. मृताने परत जाऊ नये अगर भूत होऊन हिंडू नये, असा त्यामागील समज असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटते. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. शेती घटते, शेळ्या-मेंढ्यांवर व शिकारीवर भिस्त वाढते. डॉ. ढवळीकर यांनी याचे कारण पर्जन्यमान घटले हे दिले. हा भाग आजही पर्जन्यछायेत मोडतो, आणि उत्खनन चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ पडला होता. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

ही सर्व माहिती मिळाली, कारण ते टेकाड शिल्लक होते. पांढरीची माती खत म्हणून उत्तम आणि धाब्यावर घालावयासही चांगली, म्हणून ती गाड्या भरभरून नेण्याची चाल जुनी आहे. बैलगाडीने नेली जात होती तोवर हानी मर्यादित होती. यंत्राने सपाटीकरण होऊ लागल्यावर तीन हजार वर्षांचे थर चार दिवसांत नाहीसे होऊ शकतात, आणि तेथे काय होते ते पुढे कोणत्याही तंत्राने कळत नाही. बाहेर पडलेली वस्तू उचलून आणली तरी ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे गेले की तिचा निम्मा अर्थ गेला. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना काशाचे रथ, हत्ती, गेंडा व म्हैस मिळाले. या शिल्पांच्या काळाबद्दल पुढे विद्वानांत मतभेद झाले, त्याचे मोठे कारण ती पद्धतशीर उत्खननात मिळालेली नव्हती हेच.

कायद्याची तरतूद पुरेशी आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. स्थळांच्या संरक्षणासाठी १९५८ चा केंद्रीय व १९६० चा राज्याचा अधिनियम आहे. परंतु बहुसंख्य टेकाडे संरक्षित यादीत नाहीत, आणि ती ओळखणारा प्रथम माणूस तलाठी, ग्रामसेवक किंवा शिक्षकच असतो. लाल-नारिंगी रंगाचे, वर काळ्या रेघांची नक्षी असलेले, टिचकी मारल्यास खणखणीत वाजणारे खापर दिसले तर ते इनामगावच्या काळातील, म्हणजे जोर्वे संस्कृतीचे असण्याचा संभव आहे. संगमनेरजवळील जोर्वे गावावरून हे नाव पडले. अशा वेळी तेथे खणू नये. खापर कोणत्या गटक्रमांकात, नदीपासून किती अंतरावर व जमिनीच्या वर की खणताना मिळाले, एवढे टिपून ठेवावे आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास अथवा डेक्कन कॉलेजला कळवावे. शाळेच्या कपाटात ठेवलेल्या खापरावर शाईने गावाचे नाव व गटक्रमांक लिहिलेला असला, तरी पुढे येणाऱ्या संशोधकाचे अर्धे काम झालेले असते.