सारखीच खाकी, वेगळी पेन्शन

काशीच्या दूधविनायक परिसरातील मराठी वस्तीला पेन्शनची गोष्ट नवी नाही. इंग्रजांशी करार करून तनखा घेतलेले अमृतराव पेशवे काशीत येऊन राहिले. 1818 नंतर चिमाजीअप्पाही आले. त्यांच्या आश्रयाने अनेक मराठी कुटुंबे जगली. पण तो तनखा देणाऱ्याच्या मर्जीवर होता. 1851 मध्ये दुसरे बाजीराव ब्रह्मावर्तास वारले, तेव्हा त्यांचा वार्षिक आठ लाखांचा तनखा नानासाहेबांना देण्यास कंपनी सरकारने साफ नकार दिला.

मग आजची पेन्शन मर्जी की हक्क? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी नाकरा खटल्यात दिले. केंद्राने पेन्शनचे सूत्र सुधारले होते, पण लाभ 31 मार्च 1979 पासून निवृत्त होणाऱ्यांनाच ठेवला होता. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ही तारखेची भिंत पाडली. पेन्शन ही बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेचे ते फळ आहे, असे न्यायालयाने बजावले.

तरीही पोलिसांच्या घरात भिंती उरल्याच. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते आणि प्रत्येक वेतन आयोग पगार वाढवतो. त्यामुळे हुद्दा आणि नोकरीची वर्षे सारखी असूनही आधी निवृत्त झालेला हवालदार मागे पडू शकतो. सैनिकांना 1 जुलै 2014 पासून ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ मिळाली. पोलिसांना ती लागू नाही.

दुसरी भिंत भरतीच्या तारखेची. उत्तर प्रदेशात 1 एप्रिल 2005 पासून आणि महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून भरती झालेल्यांना नवी योजना लागू झाली. तिच्यात पगारातून दरमहा कपात होते, सरकारही भर घालते, आणि हाती काय येईल ते बाजारावर ठरते. जुन्या शिपायाला मात्र ठरलेली पेन्शन. चौकी एक, रात्रपाळी एक, म्हातारपण मात्र दोन तऱ्हांचे! भरतीची जाहिरात आधी निघाली असेल, तर जुनी योजना निवडण्याची मुभा दोन्ही राज्यांनी 2024 मध्ये दिली. केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून एकीकृत योजना आणली. 25 वर्षे सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन तिच्यात मिळते.

पण त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत फरक करण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. नाकरा खटल्यातला प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला, तो असा.

तोवर घरच्यांनी एवढे तरी पाहावे: वेतन आयोगानंतर पेन्शनची फेरनिश्चिती झाली का? पेन्शनच्या आदेशात पत्नीचे नाव व जन्मतारीख बरोबर आहे का? हयातीचा दाखला वेळेवर जातो का? कायद्याची लढाई लांबते. पण कागदातल्या चुकीपायी विधवेची पेन्शन अडू नये, हे तरी आपल्या हातात आहे.