ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीचे नुकसान व विमा दावा : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

ट्रॅक्टर व ट्रॉली रस्त्यावर एकत्र धावत असल्या तरी मोटार वाहन कायदा आणि विमा करार या दोहोंच्या दृष्टीने ती दोन स्वतंत्र वाहने आहेत. हा भेद लक्षात न आल्यामुळे ट्रॉलीच्या नुकसानीचे दावे अडचणीत येतात. प्रस्तुत लेखात ट्रॉलीचे कायदेशीर स्थान, पॉलिसीतील अटी, नुकसानीची आकारणी व दाद मागण्याचे मार्ग यांचे विवेचन केले आहे.

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याचे अर्थकारण प्रामुख्याने धानशेतीवर आधारलेले आहे. भंडारा, तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, लाखांदूर व पवनी या सातही तालुक्यांत मळणीनंतर धानाची पोती शेतातून घरी आणि घरून आधारभूत खरेदी केंद्रावर किंवा राईस मिलवर पोहोचविण्यासाठी ट्रॅक्टर-ट्रॉलीचा सर्रास वापर होतो. पूर्वी जे काम बैलबंडी करीत असे, तेच आज ट्रॉली करते. मात्र बंडीच्या तुलनेत ट्रॉलीत गुंतलेले भांडवल आणि तिच्या वाट्याला येणारा धोका हे दोन्ही मोठे आहेत. पांदण रस्त्यावर उतारावर ट्रॉली उलटणे, जोडणीची पिन निसटणे, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर रात्री मागून भरधाव वाहन आदळणे, असे प्रसंग तिच्यावर ओढवू शकतात. अशा वेळी "ट्रॅक्टरचा विमा आहे, म्हणजे ट्रॉलीचाही आहे" हा समज किती निराधार आहे, हे शेतकऱ्याला नुकसान झाल्यानंतर कळते. कर्जाचा हप्ता चालू असताना दुरुस्तीचा संपूर्ण खर्च अंगावर पडला, तर त्या कुटुंबाचा पुढील हंगामच धोक्यात येतो. म्हणूनच या प्रश्नाचा विचार अगत्याचा ठरतो.

ट्रॉलीचे कायदेशीर स्थान

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम २(४४) नुसार ट्रॅक्टर हे स्वतः माल वाहून नेण्यासाठी बनविलेले वाहन नव्हे. कलम २(४६) नुसार मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढण्यासाठी असलेले वाहन म्हणजे ट्रेलर होय. आपल्याकडील ट्रॉली या व्याख्येत मोडते. विशेष म्हणजे कलम २(२८) मधील 'मोटार वाहन' या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश केलेला आहे. स्वतःचे इंजिन नसूनही ट्रॉली कायद्याने मोटार वाहन ठरते, ती यामुळेच. कलम ६१ प्रमाणे तिची स्वतंत्र नोंदणी आवश्यक असते. तिच्या बाजूवर तिचा स्वतःचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, तर ती ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही तिच्यावर दर्शवावा लागतो. 'एमएच ३६' या मालिकेतील ट्रॅक्टरचे पासिंग झाले, एवढ्याने त्याच्या ट्रॉलीचे पासिंग झाले असे होत नाही.

हे तत्त्व केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडमध्ये मोटारीमागे कॅरॅव्हॅन म्हणजे फिरते घर जोडून प्रवास करण्याची प्रथा जुनी आहे. तेथेही मोटारीच्या विम्यातून सामान्यतः ओढताना इतरांना झालेल्या हानीचेच दायित्व भागते. कॅरॅव्हॅनच्या स्वतःच्या नुकसानीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आहे. त्यामुळे ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या विम्याचा हा प्रश्न पुढील काळात शेतीपुरता मर्यादित राहणार नाही.

पॉलिसीतील तीन कळीच्या बाबी

भारतात १ जुलै २००२ पासून मोटार विम्याची सुधारित प्रशुल्क संहिता लागू झाली. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसंबंधीचे विमा दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले असले, तरी पॉलिसीची मूळ कलमे बव्हंशी त्याच धर्तीची आढळतात. त्यांतील तीन बाबी ट्रॉलीमालकाने विशेषत्वाने पाहावयास हव्यात.

पहिली बाब म्हणजे अनुसूची. ट्रॉलीचा नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक आणि विमित घोषित मूल्य अनुसूचीत स्वतंत्रपणे नमूद असेल व तिचा हप्ता भरलेला असेल, तरच तिच्या नुकसानीची भरपाई मिळते. पॉलिसी केवळ 'थर्ड पार्टी' स्वरूपाची असेल, तर क्रमांक नमूद असूनही स्वतःच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही.

दुसरी बाब वगळलेल्या भागांची. व्यावसायिक वाहनांच्या गटातील पॉलिसीत संपूर्ण हानीचा प्रसंग वगळता टायर, ट्यूब, दिवे, मडगार्ड, रंगकाम इत्यादींचे नुकसान सर्वसाधारणपणे वगळलेले असते. जादा हप्ता भरून हे संरक्षण घेता येते. ट्रॉलीच्या दुरुस्तीत टायरचा खर्च मोठा असल्याने ही अट दुर्लक्षून चालत नाही.

तिसरी बाब वापराच्या मर्यादेची. शेतीकामासाठी विमा घेऊन ट्रॉलीने भाड्याने विटा, मुरूम किंवा रेती वाहिली, तर अटीचा भंग झाल्याचा आक्षेप घेतला जातो. क्षमतेपेक्षा अधिक भार किंवा ताण यामुळे झालेली हानी आणि कालमानाने झालेली झीज याही बाबी संरक्षणाबाहेर असतात.

नुकसानीची आकारणी

दुरुस्तीचे संपूर्ण बिल मिळेल ही अपेक्षा सहसा फलद्रूप होत नाही, कारण सुट्या भागांवर घसारा आकारला जातो. प्रचलित तक्त्यानुसार रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के, तर लोखंडी व लाकडी भागांवर वाहनाच्या वयानुसार घसारा लागतो. तो सहा महिन्यांपर्यंत शून्य, सहा महिने ते एक वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीन वर्षांपर्यंत १५, चार वर्षांपर्यंत २५, पाच वर्षांपर्यंत ३५, दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के असा आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साडेतीन वर्षे वयाच्या ट्रॉलीचे विमित घोषित मूल्य १,२०,००० रुपये आहे. अपघातानंतर अ‍ॅक्सल व चासीच्या लोखंडी भागांचा खर्च ३०,००० रुपये, दोन टायरचा १६,००० रुपये व मजुरी ८,००० रुपये, असे ५४,००० रुपयांचे बिल झाले. लोखंडी भागांवर २५ टक्के घसारा वजा जाता २२,५०० रुपये आणि मजुरीचे ८,००० रुपये मान्य होतील. टायरचे जादा संरक्षण घेतले असेल, तर टायरपोटी ८,००० रुपये मिळून एकूण रक्कम ३८,५०० रुपये होईल. अन्यथा ती ३०,५०० रुपयांवरच थांबेल. यातूनही अनिवार्य वजावट व भंगाराचे मूल्य कमी केले जाते. दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक, म्हणजे येथे ९०,००० रुपयांच्या पुढे गेल्यास ती संपूर्ण हानी मानली जाते. म्हणूनच हप्ता वाचविण्यासाठी कमी लावलेले मूल्य अंती मालकालाच महागात पडते.

दाव्याची कार्यपद्धती

अपघातानंतर विमा कंपनीस तत्काळ लेखी सूचना देणे ही पॉलिसीची अट आहे. ट्रॉली हलविण्यापूर्वी दोन्ही वाहनांचे क्रमांक, जोडणीचा भाग आणि रस्त्याची स्थिती दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. कोणी जखमी झाले असल्यास किंवा दुसरे वाहन गुंतलेले असल्यास पोलिसांना कळवून पंचनामा करून घ्यावा. सर्वेक्षकाच्या पाहणीपूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. तसेच मोडकी ट्रॉली तशीच ओढत नेल्याने वाढलेले नुकसान मालकाच्याच माथी येते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या वाहनाच्या चुकीमुळे नुकसान झाले असेल, तर दोन मार्ग उपलब्ध असतात. स्वतःच्या पॉलिसीतून भरपाई घेता येते, अथवा त्या वाहनाच्या चालक, मालक व विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागणी करता येते. एकाच नुकसानीची भरपाई मात्र दोनदा घेता येत नाही.

न्यायालयीन भूमिका व दाद

काही आक्षेपांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय मार्गदर्शक आहेत. नागशेट्टी विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स (२००१) या प्रकरणात, ट्रॅक्टर चालविण्याचा वैध परवाना केवळ ट्रेलर जोडल्यामुळे निष्प्रभ होत नाही, असे स्पष्ट करण्यात आले. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार (२००९) मध्ये सर्वेक्षकाचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, असे म्हटले आहे. अमलेंदु साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२०१०) हे प्रकरण भाड्याने दिलेल्या खासगी मोटारीचे होते. तेथे वापराच्या अटीचा भंग झाला म्हणून संपूर्ण दावा नाकारणे न्यायालयास मान्य झाले नाही. मात्र अनुसूचीत जिचा उल्लेखच नाही, त्या ट्रॉलीच्या नुकसानीला यांपैकी कोणताही निर्णय तारू शकत नाही. कारण तेथे अटीचा भंग नसून मुळात करारच नसतो.

दावा नाकारल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार भंडारा येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ट्रॉलीच्या दाव्याचे भवितव्य अपघाताच्या दिवसापेक्षा पॉलिसी घेतल्या दिवशीच बहुतांशी ठरलेले असते. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी, अनुसूचीत तिचा उल्लेख, वास्तव मूल्य, टायरचे जादा संरक्षण आणि वापराचे खरे स्वरूप या पाच गोष्टी हप्ता भरतानाच तपासल्या, तर पुढील वादाची कारणे पुष्कळशी टळू शकतात. ग्रामीण महाविद्यालयांतील वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी, तसेच राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी धान कापणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावोगावी पॉलिसी-वाचनाचा उपक्रम घेतल्यास त्याचा उपयोग निश्चितच होईल. ज्या घरांतून विद्यार्थी महाविद्यालयात येतात, त्यांपैकी अनेक घरांच्या अंगणात अशी ट्रॉली उभी असते. तिची पॉलिसी वाचून दाखविणे हेही शिक्षणाचेच कार्य होय.