सॉलिड स्टेट ड्राइव्ह : वेग किती, भरवसा किती?

भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या लहान कारखान्यात आज पाऊल टाकले, तर लेथ आणि प्रेस यांच्या खडखडाटात, काचेच्या केबिनमध्ये, एक संगणक हटकून दिसतो. मोठ्या मोटार कारखान्याने पाठविलेली सुट्या भागांची ड्रॉइंगे, सीएनसी यंत्रांचे प्रोग्राम, टॅलीतील जमाखर्च, जीएसटीची बिले, कामगारांची हजेरी असा कारखान्याचा सारा संसार त्या एका पेटीत साठलेला असतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्या काळी हा संसार लाल कापडात बांधलेल्या चोपड्यांत राहत असे. चोपडीस वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसे. आजचा संसार ज्या वस्तूत राहतो ती पुष्कळदा २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब अशी एक पट्टी असते, आणि तिची प्रकृती कशी आहे हे मालकास क्वचितच ठाऊक असते. या पट्टीस सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, म्हणतात. तिच्यावर किती विसंबावे, एवढाच आमच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम वेगाचा विचार करू. जुनी हार्ड डिस्क ही ग्रामोफोनची दूरची नातलग होय. तिच्यात तबकडी फिरते आणि एक दांडी पुढेमागे सरकून हवी ती जागा गाठते. मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा दांडीखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, ४ मिलिसेकंद, थांबावे लागते. दांडी सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. अशा रीतीने हार्ड डिस्क सेकंदास ऐंशीच्या आसपास जागा शोधू शकते. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तिला हवी ती जागा एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात, कधी त्याहूनही लवकर, सापडते. संगणक सुरू होताना हजारो लहान तुकडे शोधावे लागतात. म्हणूनच जुन्या संगणकात एसएसडी बसविताच त्याला तारुण्य आल्यासारखे वाटते.

परंतु येथे गिऱ्हाइकाची एक फसगत होते. साध्या साटा जोडणीच्या एसएसडीवर सेकंदास ५५० मेगाबाइट असा आकडा छापलेला असतो, तर एनव्हीएमई जातीच्या पट्टीवर ७००० असा. तेव्हा दुसरी आपले काम तेरापट लवकर करील, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात टॅली उघडताना किंवा एखादे ड्रॉइंग पाहताना हा फरक जेमतेम जाणवतो. तो मोठा आकडा एकच प्रचंड फाइल सलग नेताना मिळावयाचा. रोजच्या कामातील खरा लाभ शोधण्याच्या वेळेत होता, आणि तो साध्या एसएसडीनेच पदरात पडलेला असतो.

आता या पट्टीच्या पोटात डोकावू. तिच्यातील फ्लॅश स्मृतीचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी लावला. १९८४ साली त्यांनी तो शास्त्रज्ञांपुढे मांडला, आणि आज एसएसडीत वापरली जाणारी नँड ही जात १९८७ साली पुढे आली. तिच्यात अब्जावधी सूक्ष्म खण असतात. प्रत्येक खणाभोवती विद्युतरोधक पडदा असतो व आत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. ते किती आहेत, यावरून आकडा वाचावयाचा. एका खणात एकच अंक ठेवला तर ‘भरलेला’ आणि ‘रिकामा’ अशा दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात. तीन अंक ठेवले तर आठ, आणि चार ठेवले तर सोळा पातळ्या होतात. जेवढ्या पातळ्या अधिक तेवढा माल स्वस्त; पण तेवढीच मोजणी नाजूक, लिहिणे संथ आणि आयुष्य कमी. प्रत्येक वेळी पुसून लिहिताना तो पडदा थोडा झिजतो. एक अंक ठेवणारा खण लाखभर वेळा पुसता येतो असे धरतात. तीन अंकांचा साधारण एक ते तीन हजार वेळा, आणि चार अंकांचा त्याहूनही कमी वेळा.

शिवाय येथील लिहिण्याची तऱ्हा शाळकरी पाटीहून वेगळी आहे. पाटीवरचा एक शब्द बोटाने पुसता येतो; येथे एक शब्द बदलावयाचा तरी सगळी पाटी धुवावी लागते. म्हणून नियंत्रक नावाची एक चिप मुनिमासारखी बसलेली असते. ती नवा मजकूर कोऱ्या जागी लिहिते, कोणता मजकूर कोठे आहे याची वही ठेवते, आणि सर्व खण सारखे झिजतील असे पाहते. हा मुनीम आणि त्याची वही शाबूत आहे तोवरच आतील मालास अर्थ असतो.

नव्या ड्राइव्हवर मोठी नक्कल करताना सुरुवातीस ती सुसाट जाते आणि मध्येच रेंगाळते, हा अनुभव अनेकांना असेल. त्याचे कारण चाकणच्या कांदाबाजारात पाहावयास मिळते. गाड्या आल्या की माल आधी मोकळ्या आवारात भराभर उतरतो आणि मग सवडीने वखारीत रचला जातो. आवारच भरून गेले तर गाड्यांना रस्त्यावर थांबावे लागते. एसएसडीही काही खणांचे असे आवार करते व तेथे एकेकच अंक चटकन उतरवून घेते. ते भरल्यावर चार अंकांच्या स्वस्त ड्राइव्हचा वेग कधीकधी सेकंदास १०० मेगाबाइटवर, म्हणजे हार्ड डिस्कच्याही खाली येतो. ड्राइव्ह काठोकाठ भरली असली की हे आवारही आक्रसते. यास्तव तिचा पाचवा-सहावा हिस्सा रिकामा ठेवावा.

मग ही ड्राइव्ह झिजून मरते काय? हिशेब करून पाहू. तीन अंकांच्या चांगल्या १ टेराबाइट ड्राइव्हवर ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी सामान्यतः असते. लहान कचेरीत रोज २० गिगाबाइट लिहिले गेले, तर वर्षास ७.३ टेराबाइट होतात. या गतीने हमी संपण्यास ८२ वर्षे लागतील! अर्थात झिजेची भीती बहुतेकांनी सोडून द्यावी.

धोका आहे तो दुसरीकडे. १६६० साली शायिस्ताखानाने चाकणचा संग्रामदुर्ग वेढला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा यांनी तो जवळजवळ दोन महिने लढविला. तोफांच्या रोजच्या माऱ्याने तो पडला नाही. सुरुंगाने बुरूज उडाला आणि मग पडला. एसएसडीचे मरण पुष्कळदा असेच असते. नियंत्रक बिघडतो, किंवा त्याच्या अंगभूत प्रोग्रामात चूक निघते. २०१९ साली हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइज कंपनीने जाहीर केले की, तिच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की प्रोग्राममधील चुकीमुळे बंद पडतील आणि आतील मजकूर परत मिळणार नाही. त्या मोठ्या सर्व्हरांतील ड्राइव्ह होत्या, घरगुती नव्हेत; परंतु बोध आपणासही लागू आहे. एकाच दिवशी लावलेल्या अशा दोन ड्राइव्ह जवळजवळ एकाच वेळी गेल्या असत्या. मग एकीची नक्कल दुसरीवर असून काय उपयोग? गूगल आणि टोरांटो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही असेच दिसले. हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी बदलाव्या कमी लागल्या; मात्र चार वर्षांत, जातीगणिक २० ते ६३ टक्के ड्राइव्हांत दुरुस्त न होणारी चूक एकदा तरी आढळली.

वीज अचानक जाणे हा आणखी एक सुरुंग होय. मुनीम वहीत नोंद करीत असतानाच दिवा गेला, तर वहीच बिघडते. २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली, तेव्हा १३ ड्राइव्हांत काही ना काही बिघाड झाला. महागड्या सर्व्हरी ड्राइव्हांत अशा वेळेसाठी वीज साठविणारे कपॅसिटर असतात. घरगुती ड्राइव्हांत ते सहसा नसतात. म्हणून कारखान्यातील संगणकास यूपीएस ही चैन नव्हे.

शेवटची गोष्ट कपाटात ठेवलेल्या ड्राइव्हची. कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लिहिण्याची हमी पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंश तापमानात एक वर्ष मजकूर राखला म्हणजे झाले. नवी ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक काळ राखते; पण उष्णता वाढली की ही मुदत घटते, आणि मे महिन्यातील पत्र्याच्या शेडमध्ये तापमान ३० अंशांवर राहत नाही. जीएसटीचा कायदा तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवण्यास सांगतो. झिजलेली एसएसडी कपाटात टाकून कायद्याचे हे मागणे पुरे होईल, असे कोणी समजू नये.

तेव्हा करावयाचे ते एवढेच. कामासाठी एसएसडी खुशाल वापरावी. तिच्याइतके सोयीचे साधन नाही. पण मजकुराच्या तीन प्रती असाव्यात. त्यांतील एक हार्ड डिस्कवर, म्हणजे वेगळ्या जातीच्या साधनावर असावी, आणि एक कारखान्याबाहेर असावी. महिन्यातून एकदा नकलेतील एखादे ड्रॉइंग उघडून पाहावे, कारण न तपासलेली नक्कल असून नसल्यासारखीच होय. आपल्या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांस गुरुवारी सुट्टी असते. बुधवारी संध्याकाळी यंत्रे थांबल्यावर नक्कल करावी आणि ती डिस्क घरी न्यावी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. ते टाळले, तर ज्या दिवशी संगणक सुरू होणार नाही, त्या दिवशी वीस वर्षांची ड्रॉइंगे कोणाकडे मागावी, हा प्रश्न उभा राहील.