धातुशोधक यंत्राची जुळणी : खारी पुळण व घाटपायथ्याची जमीन

जुनीं नाणीं व शस्त्रें यांचा संग्रह करणारांच्या हातीं अलीकडे धातुशोधक यंत्र, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘मेटल डिटेक्टर’, येऊं लागलें आहे. कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांस समुद्रकिनारा नाहीं. तथापि अलिबाग, नागांव, रेवदंडा येथील पुळणी तेथून फार दूर नाहींत. यामुळें एकच यंत्र आज खाऱ्या वाळूवर व उद्यां बोरघाटाच्या पायथ्याशीं चालविण्याचा प्रसंग येतो. परंतु एका ठिकाणीं योग्य ठरलेली जुळणी दुसऱ्या ठिकाणीं फसवी ठरते. याचीं कारणें कोणतीं, व जुळणी कशी निवडावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१. यंत्राचें तत्त्व.— यंत्राच्या टोकास तारेचें वेटोळें असतें. त्यांतून सतत दिशा पालटणारी वीज खेळविली असतां भोंवतीं तसेंच पालटणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत धातूचा तुकडा आला म्हणजे त्यांत विजेचे भोंवरे उठतात, व त्यांचें प्रतिक्षेत्र दुसरें वेटोळें टिपतें. इ. स. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांतील गोळी शोधण्याकरितां अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं याच तत्त्वावर यंत्र योजिलें होतें; व दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, पोलंडचे युझेफ कोसात्स्की यांनीं सुरुंग शोधण्याचें हातयंत्र सिद्ध केलें. उत्तर किती जोराचें आलें एवढेंच आजचें यंत्र पाहत नाहीं. तें मूळ क्षेत्राच्या किती मागें राहून आलें हेंही पाहतें, आणि त्या विलंबावरून धातूचा प्रकार ताडतें.

२. मिठाचा अडथळा.— समुद्राचें पाणी विजेचें वाहक आहे. ओली खारी वाळू म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें एक विस्तीर्ण पातळ पत्राच होय. तिच्यांतही भोंवरे उठतात, व तिचें उत्तर सोन्याची बारीक सांखळी किंवा चांदीचा पातळ वर्ख यांच्या उत्तराशीं पुष्कळ जुळतें. म्हणून मिठाचा आवाज पुसून टाकूं जातां बारीक सोन्याचा आवाजही पुसला जातो. हा तोटा सर्वस्वी टाळतां येत नाहीं, म्हणून तो जाणूनच पत्करावा लागतो.

मिठाचें उत्तर कंपनसंख्येबरोबर वाढतें. यास्तव एकाच कंपनसंख्येवर चालणारें यंत्र असल्यास, व तींत निवड करण्याची सोय असल्यास, ओल्या पुळणीवर खालची संख्या घ्यावी. तांब्याची शिवराई किंवा चांदीचा रुपया यांस ती उत्तम मानवते. बारीक सोन्यास मात्र प्रतिकूल पडते. नंतर ‘ग्राउंड बॅलन्स’, म्हणजे जमिनीचा समतोल, ओल्या वाळूवरच साधावा. धातु नसलेल्या जागीं वेटोळें वरखालीं हलवावें, व आवाज चढेनासा व उतरेनासा होईपर्यंत कळ फिरवावी. यानंतर संवेदनक्षमता हळूहळू कमी करीत यंत्राची निरर्थक कुरकुर थांबेल तेथें ठेवावी. पुष्कळांस ती कमी करणें जिवावर येतें. परंतु कुरकुरणारें यंत्र खोलवरची वस्तु ऐकूं देत नाहीं, शांत यंत्र ऐकवितें. वेटोळें वाळूपासून सारख्याच उंचीवर व सावकाश फिरवावें, कारण उंची बदलली कीं मिठाचें उत्तर बदलतें. भरतीच्या रेषेवरील कोरडी वाळू, मधला ओलसर पट्टा व लाटांची जागा यांचा समतोल निरनिराळा येतो. पट्टा बदलतांच तो पुन्हा साधावा.

अलिबागेकडील पुळण काळपट आहे. जेथें वाळूंत चुंबकीय लोहकण मिसळलेले असतात तेथें अडचण दुहेरी होते. कारण मीठ व लोहकण यांचीं उत्तरें भिन्न प्रकारचीं असून एकाच कंपनसंख्येच्या यंत्रास एका वेळीं एकच समतोल साधतां येतो. येथें एकाच वेळीं अनेक कंपनसंख्या वापरणारें यंत्र उपयोगीं पडतें. तें दोन्ही उत्तरें ताडून वजा करूं शकतें. दुसरा मार्ग स्पंदयंत्राचा, म्हणजे ‘पल्स इंडक्शन’चा. तें विजेचा झटका देऊन थांबतें व मागून येणारें उत्तर ऐकतें. खाऱ्या पाण्याचे भोंवरे कांहीं मायक्रोसेकंदांतच विरतात. म्हणून ऐकण्यास सुमारें १० मायक्रोसेकंदांनंतर आरंभ केला म्हणजे मिठाचा त्रास बहुतेक नाहींसा होतो. विलंब याहून फार वाढविल्यास बारीक सोन्याचें उत्तरही तोंवर विरून जातें. शिवाय हें यंत्र लोखंड व इतर धातु यांतील भेद विश्वसनीय रीतीनें सांगत नाहीं.

३. कर्जत-खालापूरची जमीन.— आतां घाटपायथ्याकडे वळूं. येथें मीठ नाहीं, पण काळा दगड आहे. दख्खनच्या या अग्निजन्य खडकांत मॅग्नेटाइटसारखीं लोहखनिजें असतात, व तो झिजून झालेल्या मातींत तीं उतरतात. माथेरानावरील तांबडी जांभ्याची माती याच प्रकारची लोहमय आहे. अशा जमिनीवर पुळणीची जुळणी तशीच ठेवल्यास यंत्र पावलोपावलीं खोटा पुकारा करितें, किंवा खरी वस्तु लोखंड म्हणून दाखवितें. म्हणून समतोल येथें नव्यानें साधावा. भातखाचर, ओढ्याचा कांठ व डोंगराची सोंड यांवर तो वेगवेगळा येईल. मीठ नसल्यामुळें कंपनसंख्या मध्यम घेतां येते. पुळणीवरील ‘बीच’ नांवाची तयार जुळणी येथें काढून टाकावी.

दुसरी अडचण विजेची. खोपोलीचें जलविद्युत्केंद्र १९१५ सालचें व भिवपुरीचें १९२२ सालचें. तेव्हांपासून या दोन तालुक्यांतून उच्चदाबाच्या तारा गेल्या आहेत, आणि लोहमार्गावरही विजेच्या गाड्या धांवतात. तारांजवळ यंत्र कारणावांचून बोलतें. अशा वेळीं ‘नॉइज कॅन्सल’ची कळ वापरून कंपनसंख्या किंचित् सरकवावी, आणि तेवढ्यानें न भागल्यास संवेदनक्षमता उतरवावी.

४. लोखंड गाळावें कीं न गाळावें.— पुळणीवर खिळे व डब्याचीं झांकणें टाळण्याकरितां लोखंड गाळण्याची जुळणी करितात. ऐतिहासिक स्थळीं हीच जुळणी घातक होय. खालापूर तालुक्यांतील चावणीजवळची उंबरखिंड घ्या. फेब्रुवारी १६६१ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाच्या फौजेस येथें कोंडून शरण आणिलें. शिवभारतांत या प्रसंगाचें वर्णन आहे. अशा रणभूमीवर बाणाचीं फाळें, नाल व नालांचे खिळे हीं लोखंडाचीं, तर बंदुकीच्या गोळ्या शिशाच्या. लोखंड गाळणारास अर्धी लढाई ऐकूंच येणार नाहीं.

अमेरिकेंत लिटल बिगहॉर्न येथील १८७६ च्या रणभूमीवर १९८३ सालीं वणवा लागून गवत जळालें. पुढील वर्षीं पुराणवस्तुवेत्त्यांनीं रांगेनें यंत्रें चालवून प्रत्येक सूचनेच्या जागीं निशाण रोविलें, वस्तु काढण्यापूर्वीं तिचें स्थान मोजलें, व गोळ्या आणि पुंगळ्या यांच्या मांडणीवरून सैनिकांच्या हालचाली उलगडल्या. तेथें फळ आलें तें स्थाननोंदीमुळें. उंबरखिंडींतून गोळी उचलून कोणी खिशांत घातली, तर ती केवळ शिशाचा तुकडा उरते. दप्तराच्या रुमालांतून सुटलेल्या निनांवी कागदाची जी गति, तीच तिची. आणि कागदाचें निदान अक्षर तरी बोलतें.

५. कायद्याची मर्यादा.— १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्यान्वयें जमिनींत सांपडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणें बंधनकारक आहे. ठेव्याचें स्वरूप, अदमासें किंमत, जागा व सांपडल्याची तारीख त्यांत द्यावी लागते. १९५८ च्या कायद्यानें संरक्षित स्थळीं परवान्यावांचून खणण्यास मनाई आहे. १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनी वस्तु पुराणवस्तु ठरते; शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखितांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे, हें पोथ्यांच्या संग्राहकांनींही ध्यानांत ठेवावें.

तात्पर्य, पुळणीवर भरतीनें आणून टाकलेलें आधुनिक नाणें वा हरवलेली अंगठी शोधण्यास हें यंत्र खुशाल वापरावें, व जुळणी वर सांगितल्याप्रमाणें करावी. घाटपायथ्याच्या ऐतिहासिक स्थळीं मात्र तें एकट्यानें चालवूं नये. पुरातत्त्वखात्याच्या अनुज्ञेनें व जाणत्यांच्या देखरेखीखालीं, लोखंड न गाळतां, नकाशा जवळ ठेवून चालवावें. पूर्वींच्या पिढींत कोणास शेतांत कांहीं सांपडलें असल्यास त्याची जागा, खोली व प्रसंग आजच विचारून लिहून ठेवावा. सांगणारीं माणसें वृद्ध होत आहेत, व या कामास यंत्राची गरज नाहीं.